टाकीचा श्वास कोंडला की गाडी बंद पडते: जुन्या पेट्रोल गाड्यांत वाफेचे आणि व्हॅक्यूमचे दोष कसे शोधायचे

गाडी घरातून नीट निघते. आठ-दहा किलोमीटरवर हुकायला लागते, ॲक्सिलरेटर दिला तरी खेचत नाही आणि शेवटी रस्त्याच्या कडेला बंद पडते. दहा मिनिटं थांबून स्टार्टर मारला की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. गॅरेजला नेईपर्यंत दोष गायब. मग प्लग बदलतात, कॉइल बदलतात, कार्ब्युरेटर दोनदा उघडून धुतात. आमच्या घरच्या जुन्या कारला अशा प्रकारे दोन पंप बसले आणि दोष निघाला टाकीच्या झाकणात.

यात चुकतो तो तपासणीचा क्रम. हा दोष घडत असतानाच दिसतो. गाडी उभी राहिली की टाकी कुठून तरी हळूहळू हवा ओढून घेते आणि पुरावा पुसला जातो. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा आणि टप्पा २ होईपर्यंत कार्ब्युरेटर किंवा पंपाला हात लावू नका.

हा लेख कार्ब्युरेटरच्या मोटरसायकली आणि स्कूटर, प्रीमियर पद्मिनी, अँबॅसॅडर, जुनी मारुती ८०० अशा मेकॅनिकल पंपाच्या कार आणि सुरुवातीच्या काळातल्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) पेट्रोल कार यांच्यासाठी आहे. डिझेलला वाफेचा त्रास नाही, पण व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्या-जाण्याची वाट, बुजला की डिझेलच्या टाकीतही व्हॅक्यूम होतो. धुळीत राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या झाकणाला टप्पा ३ जसाच्या तसा लागू पडतो.

हात लावण्याआधी एक हिशेब

टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. मोटरसायकलमध्ये ती झाकणातल्या बारीक वाटेने येते. कॅनिस्टर (टाकीची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) असलेल्या कारमध्ये झाकण बंदिस्त असतं आणि हवा कॅनिस्टर व टू-वे व्हॉल्व्हमधून (दोन्ही दिशांना हवा सोडणाऱ्या झडपेतून) येते. उन्हात उलटं होतं. ३० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर ते अर्ध्या लिटरहून थोडं जास्त फुगतं, वर वाफ वेगळीच. तिला बाहेर जायला वाट लागते.

आता मोटरसायकलचं उदाहरण घ्या. टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्या २५ सेंमी वर असेल, तर त्याचा दाब पाण्याच्या साधारण १८ सेंमी उंचीइतका भरतो. पेट्रोल खाली येतं ते एवढ्याच जोरावर. व्हेंट पूर्ण बंद असेल आणि टाकीत पेट्रोलच्या वर एक लिटर हवा असेल, तर सुमारे २० मिली पेट्रोल कमी होताच हा जोर संपतो. वर आठ लिटर हवा असेल तर त्याला दीडशे मिलीच्या आसपास पेट्रोल जावं लागतं. प्रत्यक्षात झाकण कुठेतरी थोडी हवा सोडतंच, त्यामुळे गाडी यापेक्षा लांब जाते, पण प्रमाण तेच राहतं. काठोकाठ भरलेल्या टाकीवर गाडी लवकर बंद पडते, अर्ध्या टाकीवर उशिरा. टाकीत गंज किंवा पाणी असेल तर त्रास बहुधा पेट्रोल तळाला गेल्यावर, रिझर्व्हच्या आसपास वाढतो. हा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

तयारी

काम उघड्या जागी, सावलीत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकते, खड्ड्यात आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये साठते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोलमधून निघते, तेव्हा थंडीतली सकाळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जवळपास शेगडी, उदबत्ती, गॅस गीझर, ठिणगी उडवणारा स्विच नको. कुठलाही पाईप सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा (टप्पा ५ मधली इंजिन चालू ठेवून करायची तपासणी तेवढी सोडून). प्रकाशासाठी बॅटरीचा टॉर्च वापरा, तारेवरचा हँडलॅम्प नको.

सामान साधंच आहे: एक लिटरची कोरडी पारदर्शक बाटली, मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज, बीपीच्या मशीनचा रबरी फुगा, गवंडी वापरतात ती दोन-तीन मीटर लेव्हल ट्यूब, टिश्यू पेपर, सुती फडकी, साबणाचं पाणी, रंगीत टेप, नवे क्लॅम्प. शेजारी वाळूची बादली आणि एबीसी प्रकारचा अग्निशामक.

सावधान: टाकीत किंवा टाकीला जोडलेल्या कुठल्याही पाईपमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडू नका. ४० × ६० सेंमीच्या पत्र्यावर पाण्याच्या ३० सेंमी उंचीइतका दाब आला की तो ७२ किलोचा भार होतो. कॉम्प्रेसरचा दाब याच्या शेकडो पट असतो. तोंडाने पेट्रोल ओढू नका. ते फुप्फुसात गेलं तर गंभीर इजा होते. आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग किंवा डाग देण्याच्या फंदात पडू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा एकत्र असतात.

टप्पा १: आधी चार प्रश्न

एका कागदावर लिहा. टाकी किती भरली असताना बंद पडली? थंड इंजिनापासून किती किलोमीटरवर? तेव्हा ऊन, ट्रॅफिक किंवा घाट होता का? आणि त्याआधीच्या महिनाभरात गाडीवर काय काम झालं?

शेवटचा प्रश्न लोक टाळतात, पण उत्तर अनेकदा तिथेच असतं. नवं लॉकचं झाकण बसवलं, टाकी रंगवली, पावसाळ्यात झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घातली, टाकीवर कव्हर चढवलं, कारचा मागचा बंपर काढून बसवला: यातलं प्रत्येक काम व्हेंट बंद करू शकतं.

टप्पा २: दोष घडत असताना झाकण उघडा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात.

गाडी हुकायला लागली की सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. मोटरसायकलवर इंजिन आणि सायलेन्सर टाकीच्या अगदी जवळ असतात, म्हणून झाकणाभोवती आधी फडकं धरा. टिश्यूची बोटभर पट्टी झाकणाच्या कडेपाशी धरा आणि झाकण अगदी हळू, थोडंसंच सैल करा.

पट्टी आत ओढली गेली आणि ‘सूं’ असा आवाज आला, तर टाकीत व्हॅक्यूम आहे. पट्टी बाहेर ढकलली गेली तर आत दाब आहे. पट्टी हललीच नाही तर दोष दुसरीकडे आहे. टप्पा ७ कडे जा.

नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका. आत येणारी हवा आणि बाहेर पडणारी वाफ, दोन्हींचा आवाज सारखाच वाटतो. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या राहिलेल्या कॅनिस्टरवाल्या कारचं झाकण उघडताना थोडा फुसकारा येणं ठीकच आहे.

तपासणी: झाकण उघडून पुन्हा लावल्यावर गाडी लगेच, न थांबता चालू झाली का? झाली, तर व्हॅक्यूमचा संशय पक्का. झाकण न उघडताही दहा मिनिटांनी चालू होते, म्हणून ‘थांबल्यावर चालू झाली’ हा पुरावा धरू नका.

सावधान: खात्री करायला झाकण सैल ठेवून मोटरसायकल चालवू नका. गरम इंजिनावर पेट्रोल उडतं. दुचाकीसाठी टप्पा ४ आहे.

टप्पा ३: झाकण

झाकण काढून घ्या, टाकीच्या तोंडावर स्वच्छ फडकं टाका. झाकणाच्या आतल्या बाजूचं भोक आणि बाहेरची वाट शोधा. पुष्कळ झाकणांत ही वाट सरळ नसते. पॅकिंगखालून वळून ती चावीच्या भोकाशी किंवा कडेला निघते, मध्ये छोटी गोळी किंवा रबरी पडदा असतो. तार घालून खुपसलं की पडदा फाटतो. झाकण थोडा वेळ रॉकेलमध्ये ठेवा, मऊ ब्रशने घासा, कोरडं करा. मग बीपीचा फुगा बाहेरच्या बाजूने लावून हळू दाबा. हवा विनासायास आत गेली पाहिजे.

कॅनिस्टरवाल्या कारच्या झाकणातही आत हवा घेणारा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह अनेकदा असतो. तो चिकटला आणि कॅनिस्टरची वाटही बुजली की टाकी चेपते. आमच्या कारचं हेच झालं होतं.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

- झाकणाला ड्रिलने भोक पाडणं. गाडी चालते खरी, पण पावसाचं पाणी आत जातं, वाफ उघड्यावर सुटते आणि कॅनिस्टरवाल्या कारमध्ये सगळी व्यवस्थाच मोडते. शंकेच्या निरसनासाठीही हे करू नका.
- बसतं म्हणून दुसऱ्या मॉडेलचं झाकण लावणं. आटे जुळले तरी आतला व्हेंट वेगळा असू शकतो. व्हेंट नसलेलं झाकण मोटरसायकलला अजिबात चालणार नाही.
- मोटरसायकलच्या टाकीच्या तोंडाभोवती पावसाचं पाणी खाली नेणारं भोक असतं, त्यालाच व्हेंट समजणं. ते वेगळं आहे. ते बुजलं तर पाणी साठून टाकीत उतरतं, म्हणून तेही साफ करा, पण व्हेंट तपासला असं मानू नका.
- टाकीवर मोबाईल-नकाशाची बॅग झाकणावर येईल अशी बांधणं.

टप्पा ४: दुचाकीची बाटली चाचणी

टाकी जवळपास भरून घ्या. रिकाम्या टाकीवर ही चाचणी फसवते, कारण वरच्या हिशेबाप्रमाणे मोठ्या हवेच्या जागेत व्हॅक्यूम तयार व्हायला वेळ लागतो.

इंजिन थंड असू द्या. कॉक बंद करा, कार्ब्युरेटरकडची नळी सोडा, तिचं टोक बाटलीत घाला. झाकण नेहमीसारखं घट्ट लावा आणि कॉक चालू करा. धार बघत राहा.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत धार एकसारखी राहिली तर व्हेंट ठीक. आधी जाड, मग बारीक, मग थेंब थेंब अशी झाली तर झाकण थोडं सैल करा. धार त्या क्षणी पुन्हा जाड झाली की दोष सिद्ध. झाकण उघडूनही धार पहिल्यापासून बारीकच असेल तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा नळी बघा. अर्धा लिटर झाल्यावर थांबा, पेट्रोल लगेच टाकीत परत ओता. ती बाटली पेट्रोल साठवायला वापरू नका.

कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच गिअरलेस स्कूटरमध्ये कॉक आपोआप चालतो. इंजिनाच्या ओढीने आतला पडदा उचलला जातो, तेव्हाच पेट्रोल सुटतं. नुसती नळी काढून पेट्रोल आलं नाही म्हणून ‘चोकअप आहे’ असं ठरवून कॉक बदलणारे मी बरेच पाहिले. कॉकला येणारी बारीक व्हॅक्यूमची नळी काढा, तिच्या जागी सिरिंज लावा, दांडा हळू ओढून धरा. धार सुरू झाली पाहिजे आणि दांडा सोडल्यावर थांबली पाहिजे. दांडा ओढलेला राहत नसेल तर पडदा फाटला आहे.

तपासणी: काढलेल्या व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोलचा ओलावा किंवा थेंब दिसले तर कॉक बदला आणि इंजिन ऑइल काडीवर लावून वास घ्या. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल थेट इंजिनात जातं. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका.

टप्पा ५: कारमध्ये कॅनिस्टर आणि त्याच्या नळ्या

नळ्या काढण्याआधी प्रत्येकीला वेगळ्या रंगाची टेप लावा आणि फोटो काढा. कॅनिस्टरच्या दोन नळ्यांची अदलाबदल ही इथली सर्वात सोपी आणि सर्वात त्रासदायक चूक आहे.

कॅनिस्टरमध्ये सक्रिय कोळसा असतो. तो टाकीची वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालताना ती वाफ परत इंजिनात ओढली जाते. आधी हातात घेऊन बघा. आत पेट्रोल डचमळत असेल तर कोळसा भिजला आहे. तो बदलावाच लागतो. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही रक्कम पूर्ण करण्यासाठी आणखी पेट्रोल भरणं. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये जातं. कोळशाचे दाणे नळ्यांत सापडले तरी कॅनिस्टर गेलं आणि दाणे पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचलेत का तेही बघावं लागेल.

मग टाकीकडच्या तोंडात फुग्याने हळू हवा द्या. ती उघड्या हवेच्या तोंडातून निघाली पाहिजे. न निघाल्यास तळाचा फिल्टर आणि व्हेंटची नळी बघा. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण मातीचं घर बांधते, कोळी जाळं विणतात. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत माझदा-६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण व्हेंटच्या नळीतल्या कोळ्याच्या जाळ्यामुळे टाकीत व्हॅक्यूम होऊन तिला तडा जाण्याचा धोका होता.

टू-वे व्हॉल्व्ह असेल तर काढण्याआधी कुठलं तोंड कुठे होतं त्याची खूण करा. एका बाजूने हवा सहज जाते, दुसऱ्या बाजूने थोडा जोर लावल्यावर. दोन्हीकडून अडत असेल किंवा दोन्हीकडून मोकळी असेल तर बदला. उलटा बसवलात तर नवा दोष तुम्हीच तयार केलात.

शेवटी पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारी झडप. थंड इंजिन चालू करून आयडलवर ठेवा, कॅनिस्टरकडे येणारी पर्जची नळी काढून टोकावर बोट ठेवा. बहुतेक गाड्यांत या वेळी ओढ लागू नये. लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. टाकी भरल्यावर लगेच गाडी चालू न होणं आणि आयडल वर-खाली होणं ही त्याचीच खूण. इंजिन गरम करून थोडी रेस दिल्यावर ओढ यायला हवी. कधीच आली नाही तर वाफ साठतच जाते आणि गाडीभोवती पेट्रोलचा वास राहतो.

टप्पा ६: वास येतो पण गळती दिसत नाही

इथे लेव्हल ट्यूब कामाला येते. ती इंग्रजी यू आकारात एका फळीला बांधा, प्रत्येक बाजू मीटरभर उंच ठेवा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक टाकीकडून येणाऱ्या वाफेच्या नळीला जोडा. मध्ये टू-वे व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या टाकीकडच्या बाजूला जोडा. दुसरं टोक उघडं. झाकण घट्ट लावा, टाकी निम्मी असू द्या आणि गाडी सावलीतून कोवळ्या उन्हात आणा.

टाकी बंदिस्त असेल तर अर्ध्या तासात दोन बाजूंच्या पाण्यात फरक दिसू लागतो आणि टिकतो. फरक ३० सेंमीला पोचला की नळी सोडा. काहीच फरक पडला नाही तर झाकणाचं पॅकिंग, टाकीच्या गळ्याचा रबरी पाईप, गेजच्या युनिटचं पॅकिंग आणि टाकीच्या वरच्या पत्र्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जागा दाखवतील. वरचा पत्रा विसरू नका. तिथे चिखल ओला राहून गंजतो, भोक पडतं, आणि पेट्रोल खाली असल्यामुळे थेंबही दिसत नाही, फक्त वास येतो.

सावधान: ट्यूब जोडून ठेवून जेवायला जाऊ नका. ढग आला, टाकी थंड झाली की तीच टाकी पाणी आत ओढते.

जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांकडे आता विशेष लक्ष द्यावं लागतं. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ते जुनं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. नळी बोटाने दाबा. ती चिकट, फुगलेली किंवा कडक होऊन तडकलेली असेल तर बदला. साधी पाण्याची नळी तात्पुरतीसुद्धा लावू नका.

टप्पा ७: पट्टी हलली नाही तर

झाकण उघडून फरक पडला नाही आणि गाडी घाटात किंवा दुपारच्या ट्रॅफिकमध्येच बंद पडत असेल, तर पेट्रोल पंपात किंवा पाईपमध्ये उकळून वाफ होत असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिकल पंप इंजिनालाच लागून असतो, त्यामुळे पद्मिनी-अँबॅसॅडरचे जुने चालक खंबाटकी किंवा कशेडीच्या चढावर पंपावर ओलं फडकं टाकायचे. आजही ती चांगली चाचणी आहे. ओलं फडकं फक्त पंपावर आणि धातूच्या पाईपवर ठेवा. एक्झॉस्टवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर पाणी पडू देऊ नका. पाच मिनिटांत गाडी चालू झाली तर पंपाखालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग आहे का, पाईप एक्झॉस्टला चिकटला आहे का आणि रिटर्न लाईन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असल्यास ती मोकळी आहे का, हे बघा. मूळ जाड पॅकिंग टाकून कागदाचं बसवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

फडक्यानेही फरक पडला नाही तर गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल तपासा. पण स्पार्क बघायचा असेल तर इंधनाच्या सगळ्या नळ्या जोडलेल्या आणि झाकण बंद असतानाच.

टप्पा ८: दुरुस्तीनंतरची खात्री

नोझल बंद होईल तिथपर्यंत टाकी भरा. गाडी जिथे बंद पडायची त्याच्या दुप्पट अंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी चालवा. थांबल्या थांबल्या टिश्यूची पट्टी धरून झाकण हळू सैल करा. ती आत ओढली जाऊ नये. रात्री गाडी बंद जागेत न ठेवता बाहेर उभी करा आणि सकाळी टाकीजवळ वाकून वास घ्या.

कारची टाकी व्हॅक्यूमने चेपली असेल तर खालून टॉर्च मारून चेपलेल्या कडा आणि शिवण ओली आहे का बघा. पेट्रोलचा काटाही आता खोटं सांगू शकतो, कारण तळ वर आला की फ्लोटची दांडी पूर्ण खाली जात नाही. टाकी रिकामी होत आल्यावर पाच लिटर मोजून भरा, काटा कुठे येतो त्याची खूण करा आणि टाकी बदलेपर्यंत त्या खुणेवर चाला.